तेरा कोटीला एकशे आठनं भाग जात नाही

मी ज्युनिअर कॉलेजात बीजगणित शिकवते आणि घरी येऊन मणी ओढते. बीजगणितात निदान क्ष कधीतरी सापडतो. मण्यांचं तसं नाही. एकशे आठ झाले की मेरुमणी लागतो, माळ उलटी फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

माळ माझ्या सासूबाईंची, जप त्यांचा, नवसही त्यांचाच. बोटं तेवढी माझी. त्यांच्या हाताला कंप सुटला तसे मणी अंगठ्यातून निसटायला लागले. एक ओढला की दोन जायचे, आणि आमच्या नीलाबाई म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीच्या काड्या मोजणाऱ्या. त्यांना ते चालणार थोडंच! तेव्हापासून त्या पलंगावर उशीला टेकून ओठ हलवतात आणि मी शेजारी स्टुलावर बसून मणी ओढते. कॉलेजातून यायचं, चहा घशाखाली घालायचा आणि बसायचं, ते कुकर लावायची वेळ होईपर्यंत. मधे मोबाइल बघायचा नाही, पेपर तपासायचे नाहीत, मनातल्या मनात शिव्या दिल्या तर चालतात.

आकडा तेरा कोटी. मंत्राची अक्षरं तेरा, म्हणून अक्षरामागे एक कोटी. माझा नवरा केयूर चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या राहून आई बोलून गेल्या, पोर वाचू दे, तेरा कोटी जप करीन. पोर वाचलं. आता त्या पोराला टक्कल पडलंय, अंधेरीला विमा कंपनीत मॅनेजर आहे, ॲसिडिटीच्या गोळ्या खातो, आणि आईचा जप चालूच आहे. टेलिफोन ऑफिसला जाता-येता, पोळ्या लाटताना, दळण आणताना, त्यांचे ओठ कधी थांबले नाहीत. लग्न होऊन मी मुलुंडच्या या घरात आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, या माझ्याबद्दलच काहीतरी पुटपुटतायत.

हिशोब सासऱ्यांकडे होता. ते शरच्चंद्र, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात सायंटिफिक असिस्टंट. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण जपाच्या आकड्यावर त्यांचा भारी जीव. संध्याकाळी आई म्हणायच्या, "आज ब्याऐंशी माळा," की बाबा डोळे मिटून एकूण आकडा सांगायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. शेवटच्या आजारात हॉस्पिटलला निघताना त्यांनी मला जवळ बोलावून तो आकडा सांगितला. इतर घरांत लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगतात, आमच्याकडे हे.

मी या घरात नवीन असताना त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न, "गंधाली, तेरा कोटीला विभाजक किती?" मी चहा गाळत होते. दोनचा सातवा घात, पाचचा सातवा घात आणि तेरा. आठ गुणिले आठ गुणिले दोन. "एकशे अठ्ठावीस," मी म्हटलं. ते इतके खूश झाले की त्या दिवशी माझा बेचव चहासुद्धा त्यांनी मागून घेतला. मग हळूहळू त्या आकड्याचे सगळे गुण ते मला सांगत गेले, लोक नातवाचे सांगतात तसे. एक आणि तीन मिळून चार, बाकी सगळी शून्यं, आणि चारनं त्याला भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी ती हर्षद संख्या, हर्ष देणारी. हे नाव आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी ठेवलेलं, याचा बाबांना कोण अभिमान. हर्ष नक्की कोणाला, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पण त्यांचा सगळ्यात लाडका गुण वेगळाच होता. अंकांची बेरीज चार, म्हणजे तेरा कोटीला तीननं भाग जात नाही. आणि एकशे आठच्या पोटात तर तीन वेळा तीन बसलेत. तेव्हा माळा कितीही करा, तेरा कोटी कधी नेमके भरायचेच नाहीत. "भागून बघ," ते म्हणायचे. "बारा लाख तीन हजार सातशे तीन, आणि दशांशचिन्हानंतर पुन्हा सातशे तीन, सातशे तीन, सातशे तीन. संपतच नाही बेटं!" शेवटची माळ म्हणून अर्धवटच सुटणार, शहात्तराव्या मण्यावर. आईंनी ते मनावर घेतलं होतं. शहात्तरावर थांबायचं, सत्त्याहत्तरावा ओढायचा नाही, असं त्या मला अधूनमधून बजावायच्या.

यंदा दिवाळी झाली आणि माळा उरल्या दोनशे.

आईंना ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुजायचे, दोन वाक्यांत दम लागायचा. त्या म्हणायच्या, "एवढं झालं ना गं, की मी सुटले. मग मला गोळ्या नकोत, नळ्या नकोत. निजायचं मला." मी "हो आई" म्हणायचे. खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते. त्या जाण्याची नाही, मणी संपण्याची. पण दिवसभर चार वर्ग घेऊन, बाजार करून, पुन्हा त्या स्टुलावर बसलं की या दोन गोष्टींतला फरक मला नीट कळेनासा व्हायचा, आणि मग माझीच मला लाज वाटायची.

उद्यापनाचं विचारायला केयूरनं मालाडहून देवव्रत गुरुजींना बोलावलं. तिशीतला मुलगा, पाठीला सॅक, सामानाची यादी मोबाइलवर. आईंना त्यानं वाकून नमस्कार केला आणि समोर बसला.

"एकूण माळा किती झाल्यात आजी?"

"बारा लाख तीन हजार पाचशे," मी सांगितलं.

त्यानं मोबाइलवर काहीतरी दाबलं. "वा! म्हणजे बारा कोटी तीन लाख पन्नास हजार. मोठंच काम आहे."

"तेरा कोटी होत आले," आई म्हणाल्या.

"नाही आजी, माळ शंभराची धरतात ना. वरचे आठ मोजायचे नाहीत. उच्चार चुकला, मन भरकटलं, जांभई आली, त्यासाठी ते सोडून द्यायचे. आमच्या मंडळात, सगळीकडे तसंच धरतात." एवढं बोलून त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तो थांबला.

आई कधी कुठल्या जपमंडळात गेल्या नव्हत्या. नोकरी, घर, आजारी पोर, त्यांना वेळ कुठे होता? एकट्यानं केलं सगळं. हिशोब कसा धरायचा ते नवऱ्याला विचारलं आणि नवऱ्यानं सांगितलं, एकशे आठ. बाबांना ही रीत ठाऊक होती की नव्हती, देव जाणे. ठाऊक असती तरी त्यांनी ती मानली नसती. एकशे आठ मणी ओढायचे आणि शंभर म्हणायचे, हे त्यांच्या लेखी मोजणंच नव्हतं. आमच्या घरातली चूक झाली तीसुद्धा जास्त बरोबर मोजायच्या नादात.

"चालतं आजी," गुरुजी घाईघाईनं म्हणाला. "भाव महत्त्वाचा."

"भावावर भागलं असतं तर आकडा कशाला बोलले असते?" आई म्हणाल्या.

गुरुजीनं पोहे अर्धे टाकले आणि तो गेला. आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "गंधाली, तू गणिताची. किती कमी पडले गं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. शहाण्णव लाखांच्या वर. पण केयूर मधेच बोलला, "हजारेक माळा आई, फार नाही. बाबांनी बरंचसं आधीच वजा धरलेलं होतं."

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "हजार? अरे, हजार?"

"हळू बोल ना, यार."

"शहाण्णव लाख कमी आहेत, केयूर. रोज वीस माळा धरल्या तरी तेरा वर्षं लागतील."

"मला येतो भागाकार! म्हणूनच सांगितलं. काय सांगू तिला, पंच्याण्णवाव्या वर्षी सुटशील म्हणून? हजार होतील दोन महिन्यांत. तिला वाटेल झालं, उद्यापन करू, झकास."

"आणि ओढणार कोण?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. "माझ्यासाठी केलंय गं तिनं हे सगळं," तो म्हणाला. "मी काय करू सांग ना." त्याचा आवाज असा झाला की मला पुढे भांडता येईना. मी पोह्यांची ताटली विसळत राहिले.

आणि मग आमची वाट लागली. हजार हा आकडा फार वाईट. तेरा कोटी डोंगरासारखे होते तेव्हा आई आपल्या सावकाश चालायच्या. हजार म्हणजे आता हाताशी आलं. त्यांनी विसाच्या तीस केल्या, तिसाच्या पस्तीस. पहाटे उठून मला हाक मारायच्या, "गंधाली, कॉलेजच्या आधी पाच होतील का गं?" दुपारी झोपेनात. दूध ठेवलं की साय धरायचं, खिमटीला हात लावायच्या नाहीत. मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना माझा डावा अंगठा मधल्या बोटावर आपोआप सरकत असायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

केयूर संध्याकाळी आला की बूट काढताना विचारायचा, "किती राहिल्या गं?" मी सांगितलं की आत जाऊन टाळी द्यायचा. "आई, निम्म्यावर आलीस! भारी!" क्रिकेटच्या कोचसारखा. मला त्याच्या डोक्यात उलथनं घालावंसं वाटायचं. आई हसायच्या आणि त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागायचे.

डिसेंबरात त्यांच्या छातीत कफ झाला. वारा फिरला की कांजूरमार्गच्या कचराडेपोचा वास येतो म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि आत वाफाऱ्याचा वास. आवाज पार बसला. ओठही हलेनात. म्हटलं, आता तरी थांबतील. तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि एका बोटानं त्यावर टिचकी मारली. मला कळेना. पुन्हा टिचकी. मंत्र मनात म्हणायचा आणि झाला की टिचकी, मग मी मणी ओढायचा, अशी त्यांनी सोय लावली होती. थरथरत्या बोटातून ती खरी टिचकी कुठली आणि कंप कुठला, हे ओळखायला मला दोन दिवस लागले. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "यांना विश्रांती द्या हो, असं किती दिवस ओढणार?" मी म्हटलं, "तेच तर कोणाला माहीत नाही."

मग तो शनिवार. कॉलेज अर्धं होतं. दुपारी आईंना थोडं बरं वाटत होतं, पेज खाल्ली, आवाजही जरासा आला होता. आम्ही बसलो. तीन माळा झाल्या, चौथीच्या मधेच त्यांचं बोट माझ्या मनगटावर थांबलं. मी वाट पाहिली. बोट हलेना. मी वाकून बघितलं, तर त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"बारा आठे किती गं?" त्या म्हणाल्या.

मी अंगठ्याखालचा मणी तसाच धरून ठेवला.

"बारा आठे शहाण्णव. बारा लाख माळा, माळेला आठ. शहाण्णव लाख." दम घेऊन त्या म्हणाल्या, "ट्रंककॉलची बिलं लावलीत मी जन्मभर. आजारी आहे, अडाणी नाही. हजार माळा कुठून आणल्यात तुम्ही?"

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी. तो मुलगा पोहे टाकून पळाला तेव्हाच."

माझा संताप असा उसळला की मणी मुठीत आवळले गेले. "मग इतके दिवस हे कशाला आई? पहाटे उठून, ताप अंगावर काढून? मी काय... माझी काय बोटं..."

"केयूर तसा बोलला ना," त्या म्हणाल्या. "तोंड बघितलंस त्याचं? लहानपणी कपबशी फोडली की असाच उभा राहायचा. म्हटलं, त्याचं मन मोडायला नको. करू हजार, त्याला बरं वाटेल." मग माझ्या मुठीकडे बघत, "तुलाही सगळं माहीत होतंच की. तरी तू ओढत राहिलीस."

"तुम्ही म्हणत राहिलात म्हणून."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी त्यांना हसू आलं, मग खोकला, मग मी पाठ चोळायला उठले. खोकला थांबल्यावर त्या उशीवर मागे झाल्या. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, कितीतरी दिवसांनी.

"खरंच हजार असते ना, तर मी केले असते," त्या म्हणाल्या. "मेले असते, पण केले असते. पण शहाण्णव लाख म्हणजे होणारच नाही ते. होय ना?"

"नाही होणार आई. तेरा वर्षं लागतील."

"मग झालं तर. जे होण्यासारखंच नाही, ते माझ्याकडून राहिलं असं कोण म्हणेल?" डोळे मिटून त्या बोलत होत्या. "आणि देवानं तरी काय थांबून मोजलं? बोलले त्याच्या सातव्या दिवशी पोरानं डोळे उघडून पाणी मागितलं. तोवर माझ्या हातून धड माळासुद्धा झाल्या नव्हत्या, जीव थाऱ्यावर होता कुठे? त्यानं आधी दिलं. मी आपली मागून म्हणत बसले, सवयीनं."

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टूं-टूं बराच वेळ चाललं होतं.

"गंधाली, तू दमलीस ना गं?"

या घरात आल्यापासून मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता असं नाही. केयूर विचारतो, पण बाहेर निघता निघता. मी नेहमी म्हणते, छे, दमायला काय झालं. या वेळी तोंडातून तसं निघेना.

"हो आई," मी म्हटलं. "फार दमले हो." आणि मला रडूच फुटलं, नाक गळेपर्यंत, पोरीसारखं. त्या आपला थरथरता हात माझ्या गुडघ्यावर ठेवून पडून राहिल्या. समजूत घातली नाही की काही नाही. मग म्हणाल्या, "ठेव ती माळ. आणि जरा आडवी हो इथेच, जागा आहे."

मी माळ देव्हाऱ्यात ठेवली आणि त्यांच्या पायाशी आडवी झाले. झोप कधी लागली कळलं नाही.

जाग आली ती किल्लीच्या आवाजानं. बाहेर दिवे लागले होते, घरात अंधार. केयूर आला होता. मी उठून दिवाणखान्याचा दिवा लावला. कुकर नाही, चहा नाही, माझे डोळे सुजलेले, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. बूट काढता काढता त्यानं विचारलं, "किती राहिल्या गं?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला, "झाल्या."

तो एका पायात बूट तसाच ठेवून आत गेला. सकाळी चारशेच्या वर माळा बाकी होत्या हे त्याला माहीत होतं. खरी बाकी किती होती, तेही माहीत होतं. "सगळ्या?" त्यानं विचारलं.

"सगळ्या झाल्या. तू काळजी करू नकोस आता."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. पन्नाशीला टेकलेला तो माणूस पलंगाशी खाली बसला आणि आईच्या चादरीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला.

"अरे, रडतोस काय वेड्यासारखा?" आई म्हणाल्या. "तू बरा झालास ना?"

"झालो," तो म्हणाला.

"मग झालं."